वेबसाइटवरचे कॅलेंडर तारखा कशा मोजते? लूपचा हिसाब आणि चाँदचा निर्णय

२०२५ चा मार्च महिना आठवून पाहा. आपल्याकडे भारतात बहुतेक ठिकाणी पहिला रोजा २ मार्चला, रविवारी झाला आणि ईद-उल-फित्र ३१ मार्चला, सोमवारी. सौदी अरबमध्ये पहिला रोजा १ मार्चला होता आणि ईद ३० मार्चला. दोन्हीकडे रोजे २९ झाले. पण ठरावीक गणिती तक्त्यावर चालणारे हिजरी कॅलेंडर ज्यांच्या मोबाइलमध्ये किंवा मस्जिदीच्या वेबसाइटवर होते, त्यांना १ रमजान १ मार्चला आणि ईद ३१ मार्चला दिसली, म्हणजे ३० रोजे. सुरुवात सौदीशी जुळली, शेवट आपल्याशी जुळला, आणि पूर्ण महिना कुणाशीच जुळला नाही!

मग घराघरांत तोच सवाल: "अब्बू, कॅलेंडर खोटे बोलते का?" कॅलेंडर खोटे बोलत नाही. ते फक्त मोजते. काय मोजते, कुठून मोजते आणि कुठे त्याचे मोजणे संपते, हे एकदा समजले की हा गोंधळ राहत नाही. आठवी-नववीच्या मुलांना आणि मस्जिदीची किंवा जमातीची वेबसाइट सांभाळणाऱ्या तरुणांना उपयोगी पडेल अशा बेताने हा हिसाब इथे मांडला आहे.

लूप म्हणजे काय?

संगणकाला तेच काम पुन्हा पुन्हा करायला सांगण्याच्या पद्धतीला लूप म्हणतात. प्रत्येक लूपमध्ये तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कुठून सुरू करायचे, कुठपर्यंत चालायचे आणि प्रत्येक फेरीनंतर किती पुढे सरकायचे.

आपल्याला हे नवीन नाही. नमाजनंतरची तस्बीह बघा. सुभानल्लाह ३३ वेळा, अल्हमदुलिल्लाह ३३ वेळा, अल्लाहु अकबर ३४ वेळा. बोट पहिल्या मण्यावर ठेवले ही सुरुवात. ठरलेली संख्या भरली की थांबायचे ही अट. प्रत्येक वेळी एक मणी पुढे ही वाढ. शिवाय इथे एका लूपच्या आत दुसरा लूप आहे. बाहेरचा लूप तीन फेऱ्यांचा, कारण जिक्र तीन आहेत. आतला लूप मणी मोजणारा. बाहेरची एक फेरी होईपर्यंत आतल्याच्या ३३ किंवा ३४ फेऱ्या होतात.

वेबसाइटवरचे महिन्याचे कॅलेंडर असेच बनते. बाहेरचा लूप आठवड्यांच्या ओळी मांडतो आणि आतला लूप त्या ओळीतले सात रकाने भरतो.

महिना मांडण्याआधी दोनच प्रश्न

कोणताही इंग्रजी महिना मांडायचा तर स्क्रिप्टला दोनच गोष्टी माहीत असाव्या लागतात. पहिली, १ तारखेला कोणता वार आहे? दुसरी, महिन्यात दिवस किती आहेत? बाकी सगळे काम लूप करतो.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये वारांना आकडे दिलेले असतात: रविवार ०, सोमवार १, मंगळवार २, असे करत शुक्रवार ५ आणि शनिवार ६. आठवडा रविवारपासून मांडला, तर १ तारखेच्या वाराचा जो आकडा येईल, तितकेच रकाने सुरुवातीला रिकामे सोडायचे.

मार्च २०२५ घेऊ. १ मार्चला शनिवार होता, म्हणजे आकडा ६. महिन्याचे दिवस ३१. आता स्क्रिप्ट अशी चालते:

१. "तारीख" नावाच्या व्हेरिएबलमध्ये १ ठेवा.
२. नवी ओळ सुरू करा.
३. ओळीतले रकाने ० ते ६ असे एकेक करून घ्या.
४. पहिली ओळ असेल आणि रकान्याचा आकडा ६ पेक्षा लहान असेल, तर रकाना रिकामा सोडा.
५. नाहीतर तारीख ३१ किंवा कमी असेल, तर ती लिहा आणि तारखेत १ मिळवा.
६. तारीख ३१ च्या पुढे गेली असेल, तर उरलेले रकाने रिकामे सोडा.
७. ओळ संपल्यावर बघा. तारीख अजून ३१ च्या आत असेल तर पायरी २ वर जा, नाहीतर थांबा.

कागदावर करून पाहा. पहिल्या ओळीत सहा रिकामे रकाने आणि शेवटी शनिवारच्या रकान्यात एकटी १ तारीख. दुसऱ्या ओळीत २ ते ८, तिसरीत ९ ते १५, चौथीत १६ ते २२, पाचवीत २३ ते २९. आणि सहाव्या ओळीत फक्त ३० आणि ३१.

इथे एक मोठी चूक होते. महिना म्हणजे चार-पाच आठवडे, असे धरून काही जण बाहेरच्या लूपला पाचच ओळींची मर्यादा घालतात. पाच ओळी म्हणजे ३५ रकाने. त्यातले सहा रिकामे गेले तर उरले २९. म्हणजे ३० आणि ३१ मार्च कॅलेंडरमधून गायब, आणि ३१ मार्चला तर आपली ईद होती! स्क्रिप्ट कुठेही बंद पडत नाही, चुकीचा इशाराही देत नाही. बनवणाऱ्याने फेब्रुवारीत तपासले असेल तर त्याला सगळे ठीकच दिसले असेल.

छापील कॅलेंडरात कधी कधी एकाच रकान्यात २३ आणि ३० असे दोन आकडे दिसतात, ते याच अडचणीमुळे. कागदावर जागा कमी असते म्हणून तशी सोय करतात. स्क्रिप्टला जागेची अडचण नाही. तिथे ओळींची संख्या आधी ठरवूच नये. वरच्या सातव्या पायरीप्रमाणे, तारखा संपेपर्यंत ओळी वाढू द्याव्यात. रविवारी सुरू होणारा २८ दिवसांचा फेब्रुवारी बरोबर चार ओळींत बसतो, फेब्रुवारी २०२६ तसाच आहे. बाकी महिन्यांना पाच किंवा सहा ओळी लागतात.

बाकी काढा, वार मिळवा

वार काढण्यासाठी भागाकाराची बाकी कामाला येते. आठवडा सातांचा, म्हणून सातने भागून जी बाकी उरते तोच वाराचा आकडा.

समजा ७ मार्च २०२५ चा वार हवा आहे. १ तारखेचा आकडा ६. त्यापासून ७ तारीख ६ दिवसांनी पुढे. बेरीज १२. सातने भागले की बाकी ५, म्हणजे शुक्रवार. जुम्याचे रकाने हिरव्या रंगात दाखवायचे असतील, तर स्क्रिप्टला एवढेच सांगायचे: बाकी ५ आली तर रंग हिरवा. मार्च २०२५ मध्ये ७, १४, २१ आणि २८ या तारखा आपोआप हिरव्या होतील. २८ मार्च हा त्या रमजानचा अलविदा जुमा होता.

लीप वर्षही बाकीवरूनच कळते. वर्षाला चारने भाग गेला तर फेब्रुवारी २९ दिवसांचा. पण १०० ने भाग जात असेल तर तो नियम लागू नाही, आणि ४०० नेही भाग जात असेल तर पुन्हा लागू. म्हणून १९०० लीप नव्हते, २००० होते आणि २१०० नसेल.

शिकणाऱ्यांच्या तीन नेहमीच्या चुका

पहिली चूक महिन्याच्या आकड्याची. जावास्क्रिप्ट महिने ० पासून मोजते. जानेवारी ०, फेब्रुवारी १, मार्च २. मार्च म्हणून ३ लिहिले की एप्रिल समोर येतो. तारीख मात्र १ पासूनच मोजतात. एकाच भाषेत दोन रिवाज, म्हणून गलती होते.

दुसरी चूक "पुढचा महिना" या बटणाची. आज ३१ जानेवारी आहे आणि स्क्रिप्टने फक्त महिन्यात १ मिळवला, तर तारीख बनते ३१ फेब्रुवारी. असा दिवसच नाही. जावास्क्रिप्ट तक्रार करत नाही, जास्तीचे दिवस पुढे ढकलते आणि थेट मार्च उघडते. फेब्रुवारी वगळलाच जातो. इलाज सोपा आहे: आधी तारीख १ करा, मग महिना बदला. हाच गुण उलटा वापरता येतो. पुढच्या महिन्याची "० तारीख" मागितली की चालू महिन्याचा शेवटचा दिवस मिळतो, आणि महिन्यात दिवस किती हे आपोआप कळते.

तिसरी चूक "१ मिळवा" ही ओळ विसरण्याची. तारीख १ वरच अडकते, अट कधीच संपत नाही आणि ब्राउझरचे पान गोठते. तस्बीहचा मणी न सरकवता जिक्र करत बसल्यासारखेच!

आता हिजरी तारखेकडे

इंग्रजी कॅलेंडर सूर्यावर चालते. त्याचे नियम ठरलेले आहेत, म्हणून स्क्रिप्ट शंभर वर्षांनंतरचा वारही बिनचूक सांगते. हिजरी सनाची गणना हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत रूढ झाली आणि ती चाँदवर चालते. एका नव्या चंद्रापासून दुसऱ्या नव्या चंद्रापर्यंत सरासरी २९ दिवस, १२ तास, ४४ मिनिटे आणि सुमारे ३ सेकंद लागतात. महिना तर पूर्ण दिवसांचाच हवा, म्हणून तो कधी २९ चा, कधी ३० चा.

गणिती तक्ता बनवणाऱ्यांनी यावर तोडगा काढला: एक महिना ३० चा, पुढचा २९ चा. मुहर्रम ३०, सफर २९, रबी-उल-अव्वल ३०, याच क्रमाने रमजान ३०, शव्वाल २९. बारा महिन्यांचे ३५४ दिवस झाले. पण दर महिन्याला वरची ४४ मिनिटे उरतात. वर्षाला ती पावणेनऊ तासांच्या थोडी वर जातात आणि ३० वर्षांत ११ दिवस होतात. म्हणून ३० वर्षांच्या चक्रात ११ वर्षे ३५५ दिवसांची धरतात आणि त्या वर्षी जिल्हजला एक दिवस जास्त देतात. पूर्ण चक्र १०,६३१ दिवसांचे होते.

लूपसाठी हा नियम असा सांगता येतो: हिजरी वर्षाला ११ ने गुणा, १४ मिळवा, ३० ने भागा. बाकी ११ पेक्षा कमी आली तर वर्ष ३५५ दिवसांचे. १४४५ साठी बाकी ९ येते, म्हणून ते मोठे वर्ष. १४४६ साठी बाकी २० येते, म्हणून ते साधे.

हिसाब म्हणून हे सुंदर आहे. सरासरीला इतके जवळ की एका दिवसाचा फरक पडायला दोन हजारांहून जास्त वर्षे लागतात. पण लक्षात घ्या, हे सरासरीला जवळ आहे. या महिन्याचा चाँद आज संध्याकाळी आपल्या आभाळात दिसेल की नाही, हे त्यातून कळत नाही. खरा चंद्र ३० आणि २९ अशी पाळी पाळत नाही. तक्त्यात रमजान कायम ३० चा असतो, प्रत्यक्षात तो कधी २९ चा होतो, कधी ३० चा.

चाँदचा निर्णय ही बाहेरून येणारी माहिती

हदीसमध्ये (बुखारी, मुस्लिम) दिलेली शिकवण सरळ आहे. चाँद पाहून रोजे सुरू करावेत, चाँद पाहून संपवावेत, आणि ढगांमुळे दिसला नाही तर तीसची गिनती पूर्ण करावी. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचे तर ही एक अट आहे. २९ तारखेच्या संध्याकाळी चाँद दिसला तर उद्या १ तारीख, नाहीतर उद्या ३०. आणि ३० नंतर कोणतीही शंका न ठेवता १. ही अट तपासण्यासाठी लागणारी खबर लूपच्या आत तयार होत नाही. ती मगरिबनंतर रुयत-ए-हिलाल कमिटीच्या ऐलानातून येते.

सौदी अरबचे उम्मुल कुरा कॅलेंडर खगोलगणितावर बनते आणि सरकारी कामकाजासाठी आहे. रमजान आणि ईदचा ऐलान मात्र तिथेही चाँदच्या गवाहीनंतरच होतो. आजच्या बहुतेक ब्राउझरांत हिजरी तारीख काढण्याची सोय असते, त्यात उम्मुल कुरा आणि गणिती तक्ता असे प्रकार निवडता येतात. आपल्या गावच्या चाँदची खबर त्यात कुठेच नसते.

"एक दिवस मागे करा" एवढ्याने का भागत नाही?

बऱ्याच अॅपमध्ये हिजरी तारीख एक-दोन दिवस पुढेमागे करण्याची सोय असते. २०२४ मध्ये ती कामी आली. तक्त्याप्रमाणे १ रमजान ११ मार्चला आणि ईद १० एप्रिलला येत होती. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रमजान १२ मार्चला आणि ईद ११ एप्रिलला झाली. दोन्हीकडे फरक एकाच दिवसाचा, म्हणून एक दिवस मागे केले की काम झाले.

२०२५ मध्ये हाच उपाय फसतो. सुरुवातीला एक दिवस मागे केले की १ रमजान २ मार्चला येते, बरोबर. पण तक्त्यात रमजान ३० चा आहे. म्हणून त्याच फरकाने ईद १ एप्रिलला दाखवली जाईल, जेव्हा ती ३१ मार्चला झालेली असेल. ईदच्या दिवशी ज्याच्या पडद्यावर "३० रमजान" दिसेल, त्याने काय समजायचे? ईदच्या दिवशी तर रोजा हराम आहे.

याचा अर्थ, पूर्ण वर्षासाठी एकच फरक ठेवून चालत नाही. प्रत्येक महिन्याची सुरुवात वेगळी नोंदवावी लागते.

मग स्क्रिप्ट कशी लिहावी?

एक यादी बनवा. त्यात प्रत्येक हिजरी महिन्याचे नाव आणि ऐलान झालेली त्याची पहिली इंग्रजी तारीख ठेवा. उदाहरणार्थ: रमजान १४४६, २ मार्च २०२५. शव्वाल १४४६, ३१ मार्च २०२५. दर महिन्याला चाँदच्या ऐलानानंतर एक ओळ वाढवायची, बस.

आता लूप यादीच्या शेवटाकडून मागे येतो आणि आजच्या किंवा आजच्या आधीच्या तारखेला सुरू झालेला पहिला महिना शोधतो. तो मिळाला की थांबतो. आजच्या तारखेतून महिन्याची सुरुवात वजा करा आणि १ मिळवा. १५ मार्च २०२५ साठी १५ वजा २ म्हणजे १३, अधिक १ म्हणजे १४ रमजान. हा शेवटचा १ विसरला की १३ रमजान दिसेल. १३, १४, १५ तारखांचे नफील रोजे ठेवणाऱ्याला दुसऱ्या महिन्यांत अशी एक दिवसाची चूक महागात पडते.

एक तपासणी जरूर घाला. उत्तर ३० पेक्षा मोठे आले तर तारीख दाखवू नका. हिजरी महिन्यात ३१ तारीख नसतेच. याचा अर्थ नव्या महिन्याची नोंद राहून गेली आहे. अशा वेळी "चाँदची नोंद बाकी आहे" एवढेच लिहा. चुकीच्या तारखेपेक्षा ते बरे. पुढच्या महिन्यांच्या तारखा तक्त्यावरून दाखवायला हरकत नाही, पण त्यांच्यापुढे "अपेक्षित" हा शब्द हवा.

आणखी दोन बाबी. आपला दिवस मगरिबला बदलतो, संगणकाचा मध्यरात्री. ३० मार्चच्या संध्याकाळी चाँद झाला, शव्वाल लागला, तरी स्क्रिप्ट रात्री बारापर्यंत २९ रमजानच दाखवते. म्हणून तारखेखाली "दिवसाची तारीख, मगरिबनंतर पुढची" अशी ओळ असावी. दुसरे, स्क्रिप्ट घड्याळ कुठले बघते? बहुधा ज्याच्या हातात मोबाइल आहे त्याचे. कोकणातल्या कित्येक घरांतले लोक आखाती देशांत आहेत. गावच्या मस्जिदीची वेबसाइट ते तिकडून उघडतात. गावची यादी गावच्या चाँदची आहे, त्यांनी रोजा आणि ईद ते राहतात तिथल्या ऐलानाप्रमाणे करायची असते. यादी कोणत्या शहराची आहे, हे वर ठळक लिहिले पाहिजे.

घरात काय बघाल?

मोबाइलमधले हिजरी कॅलेंडर कोणत्या पद्धतीवर चालते ते सेटिंगमध्ये एकदा पाहून ठेवा. मुलांना मार्च २०२५ चा तक्ता वहीवर मांडायला लावा आणि सहावी ओळ त्यांनाच सापडू द्या. जकातीची तारीख हिजरीने लिहून ठेवा. चंद्राचे वर्ष सुमारे ११ दिवसांनी छोटे असते, त्यामुळे सूर्याची ३३ वर्षे होतात तोवर चंद्राची ३४ होतात. दर वर्षी इंग्रजी तारखेनेच हिसाब ठेवणाऱ्याच्या मोजणीतून एक पूर्ण वर्ष निसटते. ज्यांच्याकडून असे झाले असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

आणि २९ तारखेच्या संध्याकाळी मुलांना मोबाइल खाली ठेवायला सांगून गच्चीवर न्या, पश्चिमेकडे बघायला लावा. कॅलेंडर त्या संध्याकाळपर्यंतचे दिवस मोजू शकते. पुढची तारीख कोणती, हे मात्र चाँद आणि त्याची गवाही ठरवते.